अर्धी कुपी

आमच्या घरात आख्खी वस्तू कुणी एकट्यानं खात नाही. केळं असो, भाकरी असो, जत्रेतला लाडू असो, मालन त्याचे दोन तुकडे करणार आणि मोठा माझ्या ताटात टाकणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे फार गोड वाटलं. पुढं राग यायला लागला, कारण तुकडा नको असला तरी सुटका नसायची. तिचं डोकं दुखायला लागलं म्हणून गोळी आणली, तर तीही अर्धी मोडून माझ्या हातावर. "माझं डोकं दुखत नाही," म्हटलं तर म्हणायची, "दुखंल की."

मग आजार तरी कसा एकट्याचा राहील? जयसिंगपूरच्या बाहेर आमची चुरमुऱ्यांची भट्टी होती. खाली भुसा आणि शेंगांची टरफलं धडधडायची, वर लोखंडी कढईत तापलेली वाळू, वाळूत तांदूळ. मी झारा मारायचो, मालन चाळायची. चुरमुरे पांढरेशुभ्र निघायचे आणि आम्ही दोघं काळे. तो धूर आम्ही तरुणपणापासून खाल्ला. साठी जवळ आली तेव्हा भट्टी पुतण्याच्या ताब्यात गेली, त्यानं विजेवरचं यंत्र बसवलं, धूर संपला. पण आमच्या छातीत जायचा तेवढा तो जाऊन बसला होता. सीओपीडी, डॉक्टर म्हणाले. गावातले लोक दमा म्हणायचे.

सगळ्यात हाल झाले ते भांडणाचे. आमच्यासारखी भांडणारी जोडी पेठेत दुसरी नव्हती. आता मी एक वाक्य बोलून भिंतीला टेकायचो, मालन उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि खोकत बसायची. तिचं उत्तर येईस्तोवर मी मूळ विषय विसरलेला असायचो. एक साधं भांडण दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हप्त्याहप्त्यानं चालायचं, आणि शेवटी दोघंही आपापल्या वाफेच्या मशीनला तोंड लावून गप्प बसायचो.

अशात मिरजेच्या श्वास केंद्रात नव्या औषधाची चाचणी निघाली. तिथल्या डॉक्टर रेश्मा मुल्ला वयानं आमच्या मुलीएवढ्या. बोलणं स्वच्छ, घाई अजिबात नाही.

"मावशी, काका, छातीत द्राक्षाच्या घडासारखे हवेचे मणी असतात," त्या म्हणाल्या. "प्रत्येक मण्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. हवेतला प्राणवायू मण्यातून जाळीत उतरतो. आधी वाटायचं, धुरानं मणी फाटतात आणि मग जाळी मरते. आता कळलंय की तुमच्यासारख्या कित्येकांत उलटं होतं. शरीर सतत एक प्रथिन बनवत असतं. त्याचं काम एकच, रक्तवाहिन्यांना 'जगा, वाढा' असं सांगणं. आम्ही त्याला वर्धक म्हणतो. धुरानं तो वर्धक आटतो. जाळी सुकते, आणि जाळी सुकली की मणी आपोआप कोसळतो."

"मग तो वर्धकच द्या की," मालन म्हणाली.

"तेच करतोय. कुपीत वर्धक नाही, वर्धक बनवायची कृती आहे. वाफेबरोबर ती छातीत जाते, तिथल्या पेशी ती कायमची शिकून घेतात. दर बुधवारी घरीच एक कुपी घ्यायची, गुढीपाडव्यापर्यंत. मध्ये सोडायचं नाही. पुरेशा पेशी शिकल्या नाहीत, तर नवी जाळी मूळ धरायच्या आतच सुकून जाईल."

मग त्यांनी माझे कागद पाहिले आणि चष्मा काढला. "काकांना मात्र नाही देता येणार. त्यांना साखर आहे. मधुमेहात डोळ्याचा पडदा उपाशी असतो. वर्धक थोडा जरी रक्तातून तिथं पोचला, तरी नको त्या ठिकाणी कच्च्या वाहिन्या फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. तसं काही झालंच, तर पेशींना ही कृती कायमची विसरायला लावणारी गोळी आमच्याकडे आहे. पण मग छातीतली जाळीही जाते. म्हणून साखरवाल्यांना मुळातच घेत नाही. आणि मावशी, कुपी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. तसं झालं तर तुमचंही औषध त्याच दिवशी बंद. नियम कडक आहे."

मालननं मान डोलावली. यातलं तिनं नेमकं काय ऐकलं, ते मला फार उशिरा कळलं. तिनं ऐकलं एवढंच, की यांना साखर आहे म्हणून औषध मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या साखरेवर तिनं मोहीमच उघडली. आमटीत मेथी, भाजीत मेथी, पिठात मेथी. सकाळी कारल्याचा रस. चहातली साखर गेली, मग चहाही गेला. मला आरडाओरडा करायला श्वास पुरत नव्हता, याचा तिनं पुरेपूर फायदा घेतला. दसरा झाला तेव्हा आमच्या पेठेतल्या डॉक्टरनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली. "साखर अगदी ताब्यात आहे हो!" मालन इतकी खूश झाली की तिनं त्यांना भडंगाचा डबा नेऊन दिला.

त्यानंतर माझ्या छातीत काहीतरी बदलायला लागलं. आधी झोप लागली, उशांचा ढीग न लावता, आडवं पडून. मग एके दिवशी मोरीतली भरलेली बादली मी उचलून आणली आणि आणल्यावर लक्षात आलं, की वाटेत थांबलो नाही. मालन तर माझ्या आधीच सुधारत होती, पण केंद्रातले लोक जरा कोड्यात होते. तिच्या मनगटावर त्यांनी पट्टी बांधली होती, रक्तातला प्राणवायू मोजून मिरजेला कळवणारी. पट्टीच्या मते ती सुधारत होती, पण बाकीच्या बायकांच्या मानानं निम्मीच.

"आणि मी कसा काय बरा व्हायला लागलो?" मी तिला विचारलं.

"मेथी," ती म्हणाली.

मी मानलं. मानायला सोयीचं होतं. कार्तिकात आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. दर्शन घेतलं, घाट उतरून नदीत पाय बुडवले आणि पायऱ्या चढून वर आलो. वर येताना पेढ्यांवरून वाद निघाला. मी म्हणत होतो एक खाऊ दे, ती म्हणत होती हात लावाल तर बघा. बोलता बोलता आवाज चढले, लोक वळून बघायला लागले, आणि मध्येच आम्ही दोघंही थांबलो. कितीतरी वर्षांनी आम्ही एका दमात भांडलो होतो. मालन हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्या दिवसाएवढा सुखी मी लग्नातसुद्धा नव्हतो.

संक्रांतीच्या सुमारास डाव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. भट्टीचा धूर आठवावा तसे, हळूहळू वर जाणारे. मग एका सकाळी त्या डोळ्यावर तांबडा पडदाच उतरला. मालनला मी मोतीबिंदू म्हणून सांगितलं आणि सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं एकटाच गेलो. आता मला एकट्यानं बसनं जाता येत होतं ना.

डॉक्टरनी डोळ्यात इंजेक्शन दिलं. आठवड्यानं परत रक्त उतरलं. परत इंजेक्शन, परत रक्त. उजव्यातही सुरुवात झाली.

"हे औषध डोळ्यातल्या वर्धकाला बांधून ठेवतं," ते म्हणाले. "एकदा दिलं की महिना-दोन महिने बघावं लागत नाही. तुमची साखरही छान आहे. मग एवढा वर्धक येतोय कुठून? कुठलंतरी नवीन औषध घेताय का? असं चाललं तर पावसाळ्यापर्यंत दोन्ही डोळे जातील. नंतर मग मलाही काही करता येणार नाही."

वर्धक. हा शब्द मी आयुष्यात एकाच बाईच्या तोंडून ऐकला होता. बसमध्ये बसल्या बसल्या मी दसऱ्यापासूनचे बुधवार मोजायला लागलो.

पुढच्या बुधवारी मी झोपल्याचं सोंग करून उजवा डोळा किलकिला ठेवला. मालननं दोन्ही मशिनी पुसल्या. कुपी फोडली. निम्मं औषध आपल्या मशीनच्या कपात ओतलं, कुपी उजेडाला धरून बघितली, आणि उरलेलं माझ्या कपात ओतलं. मग बोटानं कुपी टिचकवून शेवटचा थेंबही माझ्याच कपात पाडला. मोठा तुकडा मला.

मी तिथंच उठून ओरडणार होतो. मग हिशेब डोक्यात आला आणि गप्प पडून राहिलो. गोळी मागायची तर डॉक्टर मुल्लांना खरं सांगावं लागणार. खरं सांगितलं की मालनची कुपी त्याच दिवशी बंद. इतके महिने तिनं निम्म्यावर भागवलेलं, तिची जाळी अजून कच्ची. पाडवा दोन महिन्यांवर आला होता. उरलेल्या कुप्या तिला पुऱ्या मिळाल्या तर तिचं भागलं असतं.

आणि मला न सांगता तिनं हे केलं याचा भयंकर रागही आला होता. पण मी आडवा पडून, एकदाही न थांबता श्वास घेत तो राग करत होतो. तो श्वास तिच्याच वाट्यातला होता.

"मला आजपासून मशीन नको," मी उठून म्हणालो.

"आवं, का? घ्या की. फरक पडतोय न्हवं?"

"त्याच्या आवाजानं डोकं उठतंय. आणि मला बरं आहे. मेथी आहे की."

ती हिरमुसली. बराच वेळ हातात माझा कप धरून उभी होती. मग तिनं तो आपल्या कपात ओतला. त्या बुधवारपासून कुपी पुरी तिची झाली, आणि पट्टीवरचे आकडे असे चढायला लागले, की केंद्रातून अभिनंदनाचा फोन आला.

उजवा डोळाही अंधारत गेला तसं मला दिसत असल्याचं नाटक मी सुरू केलं. घर पाठ होतं, त्यामुळं अवघड गेलं नाही. पेपर हातात धरून पानं उलटायचो. दारात कुणी आलं तर आवाज ओळखेपर्यंत खोकायचो. मालन चहा ठेवायची तेव्हा बशीच्या आवाजावरून हात न्यायचो. टीव्हीपुढं बसून बातम्यांवर शिव्या घालायला तर डोळे लागतच नाहीत. मला वाटलं, मी मोठा नटसम्राट. पाडव्यापर्यंत हे खपवायचं, मग खुशाल सगळं सांगायचं, असं ठरवून बसलो होतो. पुढं अंधार आहे हे माहीत होतं. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? अंघोळीला गेल्यावर नळ सोडून रडत होतो.

शिमगा आठवड्यावर आला असताना मालननं चुरमुऱ्यांचं ताट माझ्यापुढं ठेवलं. "पुतण्याकडनं ताजं आल्यात. बघा बरं, कसं काय जमलंय त्याला."

भट्टीवर माझी एक ख्याती होती. करपलेला दाणा माझ्या नजरेतून कधी सुटला नाही. ताट पुढं आलं की खायच्या आधी बोटं आपोआप काळे दाणे टिपून बाहेर टाकायची. आमच्या नावाचा चुरमुरा कोल्हापूरपर्यंत जायचा तो त्याच्यावर.

मी मूठभर घेतले, खाल्ले. कडू लागले. हल्ली घरात सगळंच कडू लागायचं, म्हटलं मेथीच असणार. आणखी एक मूठ घेतली. "झकास," म्हणालो. "पोरगं शिकलं."

 मालनचा हात माझ्या हातावर आला, बोटं उघडून तिनं मुठीतले चुरमुरे काढून घेतले.

"निम्मं ताट करपल्यालं हाय," ती म्हणाली. "मीच तव्यावर जाळून घातल्यात."

मी पुन्हा मोतीबिंदूचं सांगून पाहिलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिची केंद्रात तपासणी होती. तिथं तिनं डॉक्टर मुल्लांना एकच प्रश्न विचारला म्हणे. साखर ताब्यात असलेल्या माणसाला हे औषध दिलं, तर डोळ्यांना काही होतं का?

संध्याकाळी केंद्राची गाडी मला न्यायला आली.

डॉक्टर मुल्लांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. "मावशी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही म्हणून!"

"दुसऱ्याला कुठं दिलं?" मालन म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "आणि साखर तर मी ताब्यात आणली की. रिपोर्ट हाय माझ्याकडं."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, की आज साखर उतरली म्हणून पूर्वी उपाशी पडलेला पडदा बरा होत नाही, आणि हे आपण नीट समजावून सांगायला हवं होतं. मग त्यांनी मालनच्या मनगटावरची पट्टी सोडली. तिचा टक्क आवाज झाला.

"तिला उरलेल्या कुप्या द्या," मी म्हणालो. "मला गोळी नको. मी लेखी देतो. माझे डोळे आहेत, मी काय वाटेल ते करीन त्यांचं."

"काका, तुम्ही गोळी घ्या, नाहीतर नका घेऊ, त्यांची कुपी आता मी देऊ शकत नाही. औषध दोन माणसांत विभागलं गेलंय, ते वर कळवणं मला भाग आहे. पुढच्या तुकडीत नाव घालीन. ती कधी निघेल, सांगता येत नाही."

"तोवर हिची जाळी टिकेल?"

"शेवटी शेवटी पूर्ण मात्रा मिळाली आहे. टिकेलही." त्या थांबल्या. "नाहीही."

मी मालनकडं वळलो, म्हणजे तिच्या आवाजाकडं. "मला न विचारता सांगायला आलीस? पाडवा तीन आठवड्यांवर आला होता, मालन. एवढं कळलं नाही तुला?"

"आणि तुमी इचारलंसा मला?" तिचा आवाज एवढा मोठा होता, की बाहेरची माणसं गप्प झाली. "आंधळं व्हायच्या आदी इचारलंसा? मी सवाशीण चांगली धडधाकट हिंडायची आणि तुमी भिंती चाचपत फिरायचं, हे ठरवणारं तुमी कोण? सगळं निम्मं निम्मं केलं आजवर. ह्येच तेवढं एकट्यानं खायला निघालासा?"

ते आमचं शेवटचं सलग भांडण. त्यात मी हरलो. कुपी तर गेलीच होती. आता गोळी नाकारली असती, तर तिनं सांगितलेलं खरंही वाया गेलं असतं. डॉक्टरनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. सवयीनं मी क्षणभर थांबलो, तिचे दोन तुकडे होतील की काय म्हणून. मालननं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

गोळीनं आपलं काम चोख केलं. डोळ्यातलं रक्त आटत गेलं, सांगलीच्या डॉक्टरांचं इंजेक्शन टिकायला लागलं. आणि पायरीपायरीनं छाती परत जुन्या ठिकाणी आली. आधी घाट गेला, मग बादली, मग आडवं झोपणं. उशांचा ढीग मी मुकाट्यानं परत लावला. मालन रोज सकाळी माझ्यापुढं बसायची आणि विचारायची, "दिसतंय का?" मी म्हणायचो, धूसर. ते खरंच होतं.

"तुझं कसं आहे?" मी विचारायचो.

"मला काय धाड भरलीया? घोड्यागत हाय." आवाज ठणठणीत. पट्टी मनगटावर नव्हती, त्यामुळं तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मला तर वाटायला लागलं होतं, की जाळीनं मूळ धरलं बहुतेक.

वैशाखातली गोष्ट. सकाळी उठलो तर खिडकीच्या गजांवरचा गंज दिसला. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसले. उजव्या डोळ्यात एकसुद्धा धागा नव्हता. हाक मारायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, भिंतीला टेकलो आणि दम परत यायची वाट बघत उभा राहिलो.

मालन पाठमोरी भाकरी थापत होती. दोन थापा मारायची आणि ओट्याला दोन्ही हात टेकून खांदे वर ओढायची. परत दोन थापा. पदराचा बोळा तिनं तोंडाशी धरला होता, खोकल्याचा आवाज माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. मग माझी चाहूल लागली आणि ती वळली. मला नीट दिसत नाही असं समजून तिनं पदर खाली सोडला.

तिचे ओठ निळे होते. नखंही.

"उठलासा?" ती म्हणाली. आवाज तसाच, ठणठणीत. एवढा एक शब्द नीट काढायला तिनं केवढा श्वास साठवला होता, ते आता मला दिसत होतं. "आज दिसतंय का काही?"

मला दिसतंय हे तिला कळलं असतं, तर निळे ओठ झाकायला धरलेला तो पदर पुन्हा तोंडावरून उतरला नसता. तव्यावरची भाकरी तिनं ताटात काढली, मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडं केला.

मी हात मुद्दाम जरा बाजूला नेला, हवेत चाचपडलो, आणि मग तुकडा घेतला.

"नाही गं," मी म्हणालो. "अजून धूसरच आहे."